पाण्यातले वजन आणि पाठीवरचा भार

गेल्या हिवाळ्यात एकसष्ट वर्षांचे एक सेवानिवृत्त अभियंते कंबर धरून माझ्या दवाखान्यात आले. निवृत्तीनंतर त्यांनी स्कूबा डायव्हिंगचे रीतसर शिक्षण घेतले होते. रक्तदाबाची गोळी चालू, पण नियंत्रण उत्तम. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "कंबरेचं राहू द्या डॉक्टर, पण बोटीच्या शिडीवर यांना जो दम लागतो, त्याची मला काळजी वाटते."

मीही चाळिशीत हा छंद जोपासला असल्याने पहिला प्रश्न विचारला, "पट्ट्यात शिसे किती घालता?" उत्तर आले, "८ किलो. बुडताच येईना, म्हणून वाढवत गेलो."

दुखण्याचे मूळ बहुधा येथेच होते.

वजन कशासाठी?

शरीर, निओप्रीनचा पोशाख आणि हवा पाण्यावर तरंगू पाहतात. त्या तरंगण्याला तोलण्यापुरतेच शिसे हवे. नवशिक्या माणूस धास्तीने छाती भरून श्वास धरतो आणि पाय मारत राहतो, म्हणून बुडत नाही. त्यावर उपाय सावकाश उच्छ्वास हा आहे, अधिक शिसे हा नव्हे. जादा वजन तोलण्यासाठी जॅकेटमध्ये जादा हवा भरावी लागते, पाय खाली लोंबतात, पाणी कापताना श्रम वाढतात आणि हवा लवकर संपते.

ज्येष्ठांच्या बाबतीत हे श्रम अधिक महत्त्वाचे ठरतात. पाण्यात उतरताच पायांतील सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त छातीकडे सरकते व हृदयावरील भार वाढतो. वय आणि उच्च रक्तदाब यांच्या जोडीला अतिश्रम आले, तर क्वचित फुप्फुसांत पाणी साचते. पाण्यात धाप, खोकला किंवा फेसाळ, गुलाबी थुंकी दिसल्यास सहकाऱ्याला खूण करून सावकाश वर यावे. बाहेर येताच प्राणवायू द्यावा व रुग्णालय गाठावे.

योग्य वजन कसे ठरवावे?

बुडीच्या शेवटी, सिलिंडरमध्ये सुमारे ५० बार दाब उरला असताना, प्रशिक्षकासमवेत ही चाचणी करावी. जॅकेट रिकामे करून नेहमीचा श्वास धरून स्थिर राहावे. पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे आणि श्वास सोडताच शरीर हळूहळू खाली जावे. भरलेल्या सिलिंडरवर चाचणी केल्यास साधारण २ किलो अधिक धरावे, कारण बुडीत तेवढी हवा खर्च होते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून अडीच-तीन टक्के जड असते; म्हणून तलावातला हिशेब मालवणच्या समुद्रात चालत नाही.

आमच्या अभियंत्यांना या चाचणीत ५ किलो पुरले.

बॅकप्लेट घ्यावी का?

बॅकप्लेट म्हणजे पाठीला बसणारी धातूची पाटी. तिच्या मागे हवेची पिशवी आणि त्यामागे सिलिंडर असतो. पोलादी पाटी साधारण अडीच ते तीन किलोंची असते. तेवढे शिसे कंबरेवरून उतरून फुप्फुसांच्या पातळीवर येते. शरीर पाण्यात आडवे राहते आणि कंबरेचा बाक कमी होतो. पातळ पोशाखासोबत सिलिंडरही पोलादी असेल, तर मात्र अॅल्युमिनियमची हलकी पाटी बरी.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पाटी संकटात टाकून देता येत नाही. म्हणून काही वजन झटकन सुटणाऱ्या पट्ट्यावर ठेवावेच. संधिवाताच्या बोटांनी ते बक्कल एका हाताने उघडते का, हे किनाऱ्यावरच तपासावे. या पाटीचा पट्टा सहसा अखंड असतो. खांदा आखडलेल्यांना त्यातून हात काढणे कठीण जाते. त्यांना खांद्यावर बक्कल असलेले साधे जॅकेट अधिक सोयीचे.

जमिनीवरचा भार

शिसे कमी केले तरी सिलिंडरसह वीस-बावीस किलो पाठीवर राहतातच. ठिसूळ हाडे किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी बोटीच्या शिडीवर हा भार घेऊन चढू नये. प्रथम वजनाचा पट्टा व मग जॅकेट पाण्यातच उतरवून वर द्यावे. मदत मागण्यात कमीपणा नाही.

त्याआधी वैद्यकीय तपासणी अनिवार्य समजावी. डायव्हिंगच्या आरोग्य प्रश्नावलीत ४५ वर्षांवरील व्यक्तींसाठी वेगळे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे लपवू नयेत. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा कानाचा आजार असल्यास डॉक्टरांच्या लेखी संमतीविना पाण्यात उतरू नये.

आमच्या अभियंत्यांची हृदयतपासणी समाधानकारक निघाली. आता ते पोलादी पाटी आणि पट्ट्यावर २ किलो शिसे एवढ्यावर बुडी घेतात. शिडीपाशी त्यांच्या पत्नी आधी पट्टा वर घेतात, मग जॅकेट. यजमान सगळ्यात शेवटी!