झेड ड्राइव्ह जाता जात नाही!

इन-प्लांट ट्रेनिंगला गेलं की आपण मेकॅनिकलचे असू नाहीतर सिव्हिलचे, ऑफिसच्या लेखी आपण 'कॉम्प्युटरवाला पोरगा'च असतो. मलाही दुसऱ्याच दिवशी हाक आली. हिशेब विभागातल्या काकांच्या मशीनवर चार ड्राइव्ह जास्तीचे दिसत होते. के, एम, वाय आणि झेड. वायवर लाल फुली. मशीन चालू केलं की रोज 'सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत' असा संदेश यायचा. काकांनी उपायही शोधला होता.

"झेडमधलं सगळं सिलेक्ट करून डिलीट मारतो. रिकामा झाला की जाईल आपोआप."

"काका, थांबा!" मी जवळजवळ ओरडलोच.

नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे काय? सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरला आपल्या मशीनने दिलेलं एक अक्षराचं टोपणनाव. मोबाईलमधून मित्राचा नंबर काढला म्हणून मित्र काही हॉस्टेल सोडून जात नाही. तसंच अक्षर काढलं तर फायलींना धक्का लागत नाही. पण त्या ड्राइव्हमध्ये शिरून फायली उडवल्या, तर त्या सर्व्हरवरूनच जातात, सगळ्यांच्याच! आणि अशा फायली सहसा आपल्या रिसायकल बिनमध्येही येत नाहीत. झेडमध्ये अख्ख्या विभागाची व्हाउचर्स होती.

मग करायचं काय?

१) आधी बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पण 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' नको. तिथे वेगळी यादी दिसू शकते. 'नेट यूज' एवढंच इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. कुठलं अक्षर कुठल्या सर्व्हरच्या कुठल्या फोल्डरला जोडलंय ते दिसेल. कागदावर उतरवून घ्या. अक्षर यादीत नसेल तर तो पेन ड्राइव्ह किंवा कार्ड रीडरचा रिकामा खाचा असू शकतो.

२) मग विचारा. 'हा फोल्डर कोण वापरतं?' लाल फुली म्हणजे ड्राइव्ह मेलाच असं नाही. कधी कधी मशीन नेटवर्कच्या आधी जागं होतं. डबल क्लिक केलं की ड्राइव्ह उघडतो.

३) नको असेल तर तोडा. उघड्या फायली बंद करा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' निवडा. कमांडने करायचं तर 'नेट यूज', मग अक्षर, कोलन आणि 'स्लॅश डिलीट'. इथला डिलीट फक्त जोडणी तोडतो. अक्षराच्या जागी चांदणी टाकू नका, नाहीतर सगळ्याच जोडण्या जातील.

४) परत आला तर मूळ शोधा. 'रिकनेक्ट ॲट साइन-इन'ची टिक असेल तर विंडोज ही जोडणी लक्षात ठेवतं, पण डिस्कनेक्ट केल्यावर विसरतं. तरीही येतोय? स्टार्टअप फोल्डरमध्ये कुणी बॅच फाइल ठेवलीय का बघा. तिथेही नसेल तर तो बहुधा सर्व्हरवरूनच येतोय, लॉगऑन स्क्रिप्टमधून किंवा ग्रुप पॉलिसीतून. विंडोज सर्व्हर २००८ पासून कुठल्या ग्रुपला कुठलं अक्षर द्यायचं हे पॉलिसीतच ठरवता येतं. मग आपण कितीही वेळा तोडा, पुढच्या लॉगिनला स्वारी हजर! 'जीपीरिझल्ट स्लॅश आर' ही कमांड दिली की आपल्याला लागू झालेल्या पॉलिसी आणि आपले ग्रुप दिसतात.

काकांच्या मशीनवर वाय गेला तो गेलाच. तो सर्व्हर कधीचाच बंद झाला होता. झेड कामाचा, तो ठेवला. के आणि एम मात्र दुसऱ्या दिवशी परत आले. जीपीरिझल्ट बघितलं, तर काकांचं नाव अजून स्टोअर्सच्या ग्रुपमध्ये! बदली होऊन दोन वर्षं झाली होती, पण स्टोअर्सचे सगळे दर, सगळी कोटेशन्स त्यांना उघडता येत होती. ॲडमिनिस्ट्रेटरने त्यांना ग्रुपमधून काढलं आणि पॉलिसी तपासली, तेव्हा दोन्ही अक्षरं गेली.

म्हणून नको असलेला ड्राइव्ह दिसला की नुसतं वैतागू नका. रूम सोडून गेलेल्याकडे किल्ली राहिली असेल, तर ती आधी रेक्टरकडे जमा व्हायला हवी, नाही का?