चौघींचं ‘हॉर्न, ओके, प्लीज!’

सिंफनी ऑर्केस्ट्रात मागं बसणारं फ्रेंच हॉर्न घेऊन न्यूयॉर्कच्या चार तरुणी थेट रंगमंचाच्या मध्यभागी आल्या. मोझार्टच्या मुशीत घडलेलं हे वाद्य पॉप आणि रॉकही वाजवू लागलं!

एकीकडे अर्धं जग टापांखाली तुडवणारा चंगीझखान, दुसरीकडे मुलींची लाडकी बार्बी बाहुली. या दोघांची गाठ कोण मारणार? न्यूयॉर्कमधल्या चौघीजणींनी ती मारली. २००९ साली त्यांनी आपला चमू काढला आणि त्याचं बारसं केलं ‘जेंगिस बार्बी’! डॅनिएल कूलमन, रेचल ड्रेमन, अलाना व्हेगटर आणि लीलानी स्टेरेट. चौघींचं वाद्य एकच, फ्रेंच हॉर्न. साथीला ना गायक, ना गिटार, ना ड्रम. तरीही लोकप्रिय गाण्यांचा अख्खा बाज त्या चार हॉर्नवर उभा करू लागल्या.

हे धाडस का म्हणायचं, ते कळण्यासाठी आधी वाद्याची ओळख करून घेऊ.

बारा फुटांचं वेटोळं

आपल्या तुतारीप्रमाणे हॉर्नमध्येही सूर निघतो तो ओठांच्या कंपनातून. फरक एवढाच, की इथं पितळी नळीची वेटोळी असतात. नेहमीच्या ‘एफ’ हॉर्नची नळी सरळ केली, तर सुमारे बारा फूट भरेल! डावा हात कळांवर, उजवा हात वाद्याच्या रुंद तोंडात. तो हात आत सरकवला, की मधाळ आवाज क्षणात धातूसारखा कर्कश होतो.

नाव फ्रेंच असलं, तरी आजचं हॉर्न घडलं मुख्यतः जर्मनीत. म्हणूनच १९७१ साली आंतरराष्ट्रीय हॉर्न सोसायटीनं त्याला नुसतं ‘हॉर्न’ म्हणावं, अशी शिफारस केली.

वाद्य मात्र भारी लहरी! वरच्या सप्तकात सूर इतके दाटीवाटीनं बसलेले असतात, की ओठ जरा ढिले पडले तर शेजारचाच सूर वाजतो. आणि ही चूक लपवता येत नाही. सभागृहातल्या शेवटच्या रसिकालाही ती ऐकू जाते. पण याच वाद्याचा पल्ला साडेतीन ते चार सप्तकांचा. त्यामुळे चौघांत कामाची छान वाटणी होते. एकानं गाण्याची चाल धरायची, दोघांनी मधली भरणी करायची आणि चौथ्यानं खर्जात ठेका सांभाळायचा.

जागा चार, उमेदवार अनेक

या वाद्याच्या वाटेत खरी अडचण आहे ती पोटापाण्याची. ऑर्केस्ट्रात हॉर्नवादकांच्या जागा साधारण चार-पाच. व्हायोलिनवाल्यांसारखी मोठी फौज इथं लागत नाही. एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहण्यात उमेदीची वर्षं सरतात. त्यात पितळी वाद्यं म्हणजे पुरुषांची मक्तेदारी! व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं स्त्रियांना अधिकृत सदस्यत्व दिलं, तेच मुळी १९९७ साली. बर्लिन फिलहार्मोनिकच्या पितळी वाद्यांच्या विभागात पहिली स्त्री आली २००१ मध्ये. ती होती हॉर्नवादक सारा विलिस. अशा परिस्थितीत चार स्त्रियांनी स्वतःचा रंगमंच स्वतःच उभारणं, याला वेगळंच मोल आहे.

सीमा ओलांडण्याची जुनी खोड

तसं पाहिलं तर हॉर्नला चौकट मोडण्याची हौस पूर्वीपासूनच. शिकाऱ्यांचं हे वाद्य राजदरबारात शिरलं. १८४९ साली शूमाननं चार हॉर्नना एकत्र आणून ऑर्केस्ट्रासमोर उभं केलं. १९४९-५०च्या सुमारास माइल्स डेव्हिसच्या जॅझ ध्वनिमुद्रणांत ते शिरलं. १९६६ साली बीटल्सच्या ‘फॉर नो वन’मध्ये ॲलन सिव्हिलचं हॉर्न घुमलं. आणि २०२० साली सारा विलिसनं ‘मोझार्ट वाय माम्बो’ या अल्बममध्ये हवानाच्या वादकांबरोबर मोझार्टला चक्क क्यूबाच्या तालावर नाचवलं! या अल्बमच्या विक्रीतला काही वाटा तिथल्या वादकांना वाद्यं मिळावीत म्हणून राखून ठेवला गेला.

पॉप वाजवलं म्हणजे शास्त्रीय संगीताची दारं बंद होतात, असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं २०१३ साली. ‘बार्बी’ चमूतली लीलानी स्टेरेट न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये दाखल झाली. तेच हॉर्न, तेच ओठ आणि तोच रियाझ. गाणं मोझार्टचं असो की पॉपचं, सूर खरा लागला की दार उघडतंच!