धोट्याचा खडखडाट आणि ‘साठ’चे ‘आठ’

इचलकरंजीच्या जुन्या गल्लीत मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागणे कठीण. शेजारच्या शेडमधले यंत्रमाग रात्रपाळीतही चालू असतात आणि त्यांची खटाखट भिंतीतून, फरशीतून, खाटेच्या पायांतून वर येते. घरच्या मंडळींना मात्र त्याचे काही वाटत नाही. उलट वीज गेली आणि माग थांबले, की त्या शांततेनेच त्यांना जाग येते. ‘कानाला सवय झाली’ असे त्यावर सांगितले जाते. पण सवय होते ती मेंदूला, कानाला नाही. मेंदू रोजच्या आवाजाकडे लक्ष देणे सोडून देतो. कानावर त्या आवाजाचा मारा होतच राहतो.

या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे प्रोत्साहन धंद्याला मिळाले आणि बघता बघता पंचगंगेकाठचे हे गाव ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ झाले. २०२२ मध्ये त्याची महापालिकाही झाली. मात्र इथला धंदा मँचेस्टरसारखा अवाढव्य गिरण्यांत वाढला नाही. तो घराघरांत वाढला. वर घर आणि खाली माग, किंवा पुढे घर आणि मागे शेड, अशी रचना आजही दिसते. चार, आठ, बारा माग असलेला खर्चीवाला व्यापाऱ्याकडून सूत घेतो आणि पिकाच्या दराने कापड विणून देतो. कारखाना आणि वस्ती यांच्यात वेस अशी नाहीच. सायझिंग, कांड्या भरणे, जॉबरची कामे, चहाच्या टपऱ्या, सगळे याच गल्ल्यांत.

प्रदूषण म्हटले की इचलकरंजीत पंचगंगेचे नाव निघते, आणि त्याला कारणही आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इथे हेपॅटायटिस ‘ई’ या विषाणूमुळे काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. दूषित पाण्याचा फोटो काढता येतो, मेलेले मासे दाखवता येतात, मोर्चा नेता येतो. आवाजाचा फोटो निघत नाही आणि त्याने कोणी एका आठवड्यात आजारी पडत नाही. त्यामुळे पॉवरलूमचा बहिरेपणा हा नशिबाचा किंवा वयाचा भाग समजला जातो.

साध्या मागात धोटा एका बाजूने फटका मारून पलीकडे फेकला जातो, तिथे आदळून थांबतो आणि पुन्हा परत फेकला जातो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. त्यात फणीचा ठोका आणि झिजलेल्या लोखंडी गिअरची घरघर मिसळते. एका शेडमध्ये असे आठ-दहा माग आणि डोक्यावर पत्रा असला, की आवाज साधारण ९५ ते १०५ डेसिबलपर्यंत जातो. डेसिबलचे गणित फसवे असते. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. म्हणून ८५ आणि १००, हा फरक वजनकाट्यावरच्या पंधरासारखा नाही. ऊर्जेच्या हिशेबात तो तीसपटींहून अधिक आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या (निऑश) शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम करावे; १०० डेसिबलमध्ये मात्र फक्त पंधरा मिनिटे. आपल्याकडचे कारखान्यांसाठीचे नियम बरेच सैल आहेत, तरी तेही १०० डेसिबलला दोनच तास देतात. मागावरची पाळी अनेक ठिकाणी बारा तासांची असते.

कानाच्या आतल्या भागात शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी ओळीने बसलेल्या असतात आणि आवाजाची प्रत्येक पट्टी त्यांच्यातल्या ठरावीक पेशी टिपतात. मोठ्या आवाजाच्या सततच्या माऱ्याने या पेशी आधी थकतात, म्हणून पाळी संपल्यावर कान बधिर वाटतात, शिट्टी वाजल्यासारखी होते. रात्रभराच्या विश्रांतीनंतर बरेचसे भरून येते. रोज तेच होत राहिले की काही पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात, माणसात नाहीत. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही.

पहिला घाव बसतो तो चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे बारीक, तीव्र आवाजांच्या पट्टीवर. बोलण्यातले स्वर जाड असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा जीव मात्र वरच्या पट्टीत असतो. म्हणून भाजीवाली ‘साठ’ म्हणते आणि मागावर वीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘आठ’ ऐकू येते. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. घरात याचा अर्थ वेगळाच लागतो: ‘यांना हवे तेवढेच ऐकू येते’, ‘मुद्दाम लक्ष देत नाहीत’. नातवंडांचा किणकिणता आवाज सर्वांत आधी हरवतो. टीव्हीचा आवाज वाढतो, लग्नकार्यात माणूस कोपऱ्यात गप्प बसू लागतो, आणि हे सगळे इतके हळूहळू होते की नेमके कधी सुरू झाले ते कोणालाच सांगता येत नाही.

विज्ञानाला यात नवीन काही नाही. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने शंभर बॉयलर कामगारांचे कान तपासले, तेव्हा एकाचीही श्रवणशक्ती धड निघाली नव्हती. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत विणकर बायांनी ओठांच्या मोठ्या हालचालींनी बोलायची स्वतःची एक भाषाच तयार केली होती. तिला ‘मी-मॉइंग’ म्हणत. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे बंगालच्या तागावर चालणाऱ्या गिरण्यांतील विणकर स्त्रियांची तपासणी झाली. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की वरच्या पट्टीचे बरेचसे नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होऊन जाते. म्हणजे विशीत मागावर उभा राहिलेला पोरगा तिशी-पस्तिशीत पोचेपर्यंत बरेच काही गमावून बसलेला असतो, आणि तक्रार घेऊन येतो पन्नाशीत.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा आपल्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण भरपाई मागायची तर नोकरीचा पुरावा हवा आणि सुरुवातीचा कान कसा होता याची नोंद हवी. पाळीपाळीने शेड बदलणाऱ्या कामगाराकडे दोन्ही नसते. शिवाय लहान शेडमध्ये कामगार थोडे, त्यामुळे कारखान्यांसाठीच्या तपासण्या तिथवर क्वचितच पोचतात. बारा मागांच्या मालकाला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. बहुतेकदा तो स्वतः त्याच आवाजात दिवस काढतो, आणि पिकाला पैशांत मिळणाऱ्या दरातून नवे रॅपिअर घेणे त्याच्या आवाक्यात नसते. रॅपिअरला धोटा नसतो हे खरे, पण तो वेगाने चालतो. चांगला ओळीने बसवला तरी शेडमधला आवाज ९० च्या आसपास राहू शकतो. तेव्हा ‘आधुनिकीकरण झाले की आवाज जाईल’ हे आश्वासन अर्धेच खरे आहे.

त्याआधी करण्यासारखे बरेच आहे आणि ते फार महागही नाही. मागाच्या पायांखाली रबरी पॅड टाकले तर जमिनीतून जाणारी थरथर कमी होते. सैल बोल्ट, झिजलेले गिअर आणि पिकर वेळेवर बदलले तर खडखडाट उतरतो आणि मोडतोडही घटते. पत्र्याला आतून आवाज शोषणारा थर दिला तर परावर्तित आवाज कमी होतो. मात्र शेडमध्ये कापसाची धूळ असते, म्हणून सहज पेट घेणारे साहित्य तिथे वापरू नये.

कामगाराच्या हातातला उपाय म्हणजे इअरप्लग. कानात कापसाचा बोळा घातल्याने जेमतेम काही डेसिबल कमी होतात. फोमचा प्लग नीट वळून, कान वर ओढून आत बसवला तर फरक मोठा पडतो. ‘प्लग घातला तर धोटा अडकल्याचे कळणार नाही’ ही तक्रार नेहमीची. चांगल्या कानाच्या माणसाला इतक्या गोंगाटात प्लग घालूनही बोलणे जवळपास तेवढेच समजते, कारण गोंगाट आणि बोलणे दोन्ही सारखेच खाली येतात. ज्याचा कान आधीच गेला आहे त्याला मात्र खरोखर अडचण होते. म्हणून प्लगची वेळ पहिल्या दिवशीची, विसाव्या वर्षाची नव्हे. नव्या कामगाराने मागावर उभे राहण्यापूर्वी सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी करून तो आलेख घरी जपून ठेवावा आणि दरवर्षी नवा आलेख त्याच्याशी ताडून पाहावा. यंत्र हाताशी नसेल तर ढोबळ कसोटी अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज ८५ च्या आसपास किंवा वर आहे.

शेजाऱ्यांचे दुखणे थोडे निराळे. भिंतीपलीकडे आवाज बराच उतरतो, त्यामुळे त्यांचे कान जाण्याची शक्यता कमी. पण २००० च्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्रीच्या सततच्या आवाजाने झोप मोडते, अंगातील ताणाची संप्रेरके वाढतात. रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी त्याचा संबंध रस्त्यांच्या आवाजावरील अभ्यासांत दिसला आहे. माणसाला जाग आली नाही तरी शरीर प्रतिसाद देत असते. घर आणि शेड यांच्यातल्या सामाईक भिंतीची भोके, तुटकी तावदाने आणि झडपा बुजवणे, भिंतीलगतचे माग रात्री बंद ठेवून पलीकडचे चालवणे, एवढे तरी गल्लीत बसून ठरवता येते. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असलेल्याने डॉक्टरांना आपण मागाच्या शेजारी झोपतो हे जरूर सांगावे. ते सहसा विचारत नाहीत.