हेडफोनची पिन छोटी, मग स्टुडिओतल्या मशीनचं भोक एवढं मोठं का?

नवीन पॉडकास्ट सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हा प्रकार घडतो. ऑनलाइन मागवलेला ऑडिओ इंटरफेस घरी येतो, खोका उघडतो, माइक जोडला जातो आणि मग हेडफोन लावायची वेळ येते. मोबाइलला चालणारी पिन हातात, आणि समोर जवळजवळ बोट जाईल एवढं भोक! पिन आत टाकली तर ती सैल डगमगते आणि आवाज काही येत नाही. मशीन खराब आलं, असं समजून परत पाठवणारेही आहेत.

मशीन खराब नसतं. त्या मोठ्या भोकाचा व्यास असतो ६.३५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाव इंच. मोबाइल-लॅपटॉपच्या हेडफोनची पिन असते ३.५ मिलिमीटरची. फोकसराइट स्कारलेट टू-आय-टूसारख्या घरगुती इंटरफेसपासून मोठ्या मिक्सरपर्यंत आणि कीबोर्डपासून गिटार अ‍ॅम्पपर्यंत सगळीकडे हाच पाव इंच दिसतो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. आपण सरसकट सगळ्याला ‘जॅक’ म्हणतो. खरं तर जॅक म्हणजे मशीनवरचं भोक आणि प्लग म्हणजे वायरच्या टोकाची पिन. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत हा फरक सांगत बसलात तर दुकानदार फक्त हसेल. तिथली भाषा वेगळीच आहे. ६.३५ ची पिन म्हणजे ‘पी-थर्टीएट’ आणि ३.५ ची म्हणजे ‘ईपी’. दुकानात हेच शब्द वापरा, काम लवकर होतं.

हे माप आलं कुठून?

या पिनचा जन्म संगीतासाठी झालाच नाही. ती आली टेलिफोन एक्स्चेंजमधून.

१८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. तेव्हा एकाचा फोन दुसऱ्याला जोडायचं काम माणूस हाताने करायचा. पुढच्या काही वर्षांत त्यासाठी भोकांच्या रांगा असलेले बोर्ड आणि टोकाला पिन असलेल्या दोऱ्या आल्या. जुन्या चित्रपटांत कानाला हेडसेट लावून भराभर वायरी खुपसणाऱ्या ऑपरेटर दिसतात ना, तेच हे बोर्ड. १८८२ मध्ये मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं.

‘जॅक’ हा शब्दही याच काळातला. चार्ल्स स्क्रिब्नर नावाच्या अमेरिकन संशोधकाने स्विचबोर्डसाठी जे स्विच बनवलं, त्याचा आकार घडीच्या चाकूसारखा होता. अशा चाकूला इंग्रजीत जॅक-नाइफ म्हणतात. नाइफ कालांतराने गळून पडलं, जॅक राहिला.

या पिनकडून ऑपरेटरची अपेक्षा सोपी होती आणि कठीणही. न बघता घुसवता यायला हवी, दिवसभर काढघाल करूनही टिकायला हवी, आत गेल्यावर ‘टक्’ करून बसायला हवी आणि ओढली की सहज निघायला हवी. पाव इंचाची गोल पिन या सगळ्यात पास झाली. गोल असल्यामुळे तिला उलट-सुलट बाजूच नाही. यूएसबी तीनदा फिरवून लावणाऱ्या पिढीला यातलं सुख लगेच कळेल.

पिनच्या टोकाजवळची खाच शोभेची नाही. जॅकच्या आतली स्प्रिंगची पट्टी त्या खाचेत बसते, म्हणून पिन आपोआप बाहेर येत नाही. पिनवर ज्या काळ्या रेषा दिसतात, त्या म्हणजे धातूचे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवणारे प्लास्टिकचे कडे. एक रेषा असेल तर पिन मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. दोन रेषांच्या पिनमध्ये टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा आणि मुळाशी दोघांची सामाईक ग्राउंड असते. मोबाइलच्या इअरफोनला तीन रेषा असतात, कारण चौथा भाग माइकचा. या तिसऱ्या रेषेची एक गंमत पुढे येणार आहे.

टेलिफोनचं सामान आयतं उपलब्ध होतं, म्हणून रेडिओ स्टेशन आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ यांनी तेच उचललं. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले आणि घरातल्या म्युझिक सिस्टिमवरही पाव इंचाचं भोक हळूहळू नेहमीचं झालं.

मग छोटी पिन कुठून आली?

खिशातून. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओ आले. तळहातावर मावणाऱ्या रेडिओला पाव इंचाचा जॅक लावायचा म्हणजे निम्मी जागा त्यातच जायची. म्हणून त्याच रचनेची बारकी आवृत्ती आली, ती ३.५ मिलिमीटरची. सुरुवातीला ती एकाच कानाच्या साध्या इअरफोनसाठी होती. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला. पहिल्या मॉडेलला तर दोन जणांना एकत्र ऐकता यावं म्हणून ३.५ चे दोन जॅक होते. वॉकमनमागोमाग सीडी प्लेअर, कॉम्प्युटर, मोबाइल असा तिचा प्रवास झाला. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून ती काढून टाकली, आणि मग इतरांनीही तोच रस्ता धरला.

स्टुडिओने मात्र जाड पिन सोडली नाही. ही नुसती जुनी सवय नाही. एकाच धातूच्या भरीव कांबीचा हिशोब केला तर ६.३५ ची कांब ३.५ च्या कांबीपेक्षा वाकायला सुमारे सहापट जास्त विरोध करते. स्टुडिओत हेडफोनच्या वायरी लांब असतात. गायक हेडफोन घालून उठतो, कुणाचा तरी पाय वायरीत अडकतो, खुर्चीचं चाक वायरीवरून जातं. असा झटका छोट्या जॅकला बसला की त्याची आतली सोल्डरिंग तुटते, कारण तो अनेकदा थेट सर्किट बोर्डावर बसवलेला असतो. मोठा जॅक बहुधा धातूच्या पॅनलला नटने आवळलेला असतो, त्यामुळे झटका पॅनल सोसतं. आणि पिन तुटलीच, तर साध्या सोल्डरिंग आयर्नने कुणीही नवी बसवू शकतो. ३.५ च्या पिनमध्ये तीन बारीक तारा जोडायला बसलं की माणसाच्या संयमाची परीक्षा होते.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. स्टुडिओ तासाच्या भाड्यावर चालतो. बाहेरून आलेल्या वादकाचा हेडफोन त्या क्षणी लागायलाच हवा. जगातल्या कुठल्याही स्टुडिओत गेलं तरी तेच भोक मिळतं, ही खात्री नवीन माप आणण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

ब्लूटूथने हा प्रश्न मिटेल असं वाटत असेल, तर तसं नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही. पण गाताना स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू यायला लागला, तर भल्याभल्यांचा ताल सुटतो. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये वायर अजून जिवंत आहे.

जाड पिनने आवाज चांगला येतो का?

नाही. हा गैरसमज व्हिडिओंमधून बराच फिरतो. सिग्नल तोच, भाग तेवढेच. हेडफोनच्या पातळ वायरीतून जाणाऱ्या करंटसाठी दोन्ही पिना पुरेशा आहेत. आवाज किती मोठा येईल हे मशीनमधल्या हेडफोन अ‍ॅम्पवर आणि हेडफोनच्या इम्पिडन्सवर ठरतं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. २५० ओहमवाला मोबाइलला लावला तर पुटपुटल्यासारखा वाजतो आणि चांगल्या इंटरफेसवर खणखणीत. पिन जाड म्हणून नव्हे, अ‍ॅम्प तगडा म्हणून.

प्रोफेशनल म्हणजे मोठं भोकच, हेही खरं नाही. झूमचा एच-सिक्स हा हातात मावणारा रेकॉर्डर ३.५ चा जॅक देतो, तर त्याच कंपनीचा शूटिंगवर वापरला जाणारा एफ-एट ६.३५ चा. जागा किती आहे आणि झटके किती बसणार आहेत, यावर कंपन्या ठरवतात. म्हणूनच सोनीच्या एमडीआर-७५०६ सारख्या स्टुडिओ हेडफोनला मूळ पिन ३.५ ची असते आणि तिच्यावर फिरवून बसणारं ६.३५ चं टोपण सोबत येतं. पिनच्या मुळाशी बारीक आटे दिसले, तर ते त्या टोपणासाठीच.

हे टोपण हरवण्यात माणसं पटाईत असतात. काढलं की ते मशीनच्या भोकातच राहून जातं आणि पुढचा माणूस घेऊन जातो. रेकॉर्डिस्ट म्हणूनच बॅगेत तीन-चार ठेवतात.

अ‍ॅडाप्टर घेताना इथे फसू नका

छोट्या पिनवर मोठं टोपण चढवून ते मोठ्या भोकात घालायला काहीच हरकत नाही. उलटा प्रकार जरा धोक्याचा आहे. जाड पिनवर छोटं टोक लावून ते लॅपटॉपच्या ३.५ च्या जॅकमध्ये घातलं, की बाहेर तीन-चार इंचांचा जड दांडा लोंबतो. तो तरफेसारखं काम करतो. हलकासा धक्का लागला तरी सगळा जोर आतल्या नाजूक जॅकवर. पन्नास-शंभर रुपयांच्या अ‍ॅडाप्टरपायी मदरबोर्डचं काम निघू शकतं. अशा वेळी अखंड अ‍ॅडाप्टर न घेता मध्ये वीतभर वायर असलेला घ्यावा.

दुकानात ‘पी-थर्टीएट द्या’ एवढंच म्हटलं तर बऱ्याचदा मोनो हातात पडतो, कारण आपल्याकडे तो सभा-समारंभाच्या माइकसाठी जास्त खपतो. हेडफोनला स्टिरिओच हवा. काळ्या रेषा मोजा, दोन पाहिजेत. मोनो लावला तर उजव्या बाजूचा सिग्नल थेट ग्राउंडला जातो आणि अ‍ॅम्पवर विनाकारण भार पडतो.

आणि आता ती तिसऱ्या रेषेची गंमत. मोबाइलचा माइकवाला इअरफोन अ‍ॅडाप्टर लावून इंटरफेसला जोडला, की कधीकधी वाद्यं ऐकू येतात पण गायकाचा आवाज गायब! बऱ्याच जणांना वाटतं, रेकॉर्डिंगच बिघडलं. होतं असं की अ‍ॅडाप्टरमध्ये ग्राउंडचा संपर्क नीट होत नाही. मग डाव्या-उजव्या बाजूत जो फरक आहे, तेवढाच कानात येतो. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखा असतो, त्यामुळे तो एकमेकांत रद्द होतो आणि फुकटात कराओके तयार होतं. पिन अर्धवट बसली तरी असंच होतं. रेकॉर्डिंग पुन्हा करायच्या आधी पिन पूर्ण आत ढकलून पाहावी, नाहीतर साधा दोन रेषांचा हेडफोन लावून पाहावा. चांगला झालेला टेक या गैरसमजापायी डिलीट झाला, तर तो परत येत नाही.

आणखी एक चूक नेहमी होते. इंटरफेसच्या मागे स्पीकरसाठी हुबेहूब तसलीच दोन भोकं असतात. हेडफोन त्यात बसतो, पण तिथे एकाच बाजूचा आवाज असतो, आणि बॅलन्स्ड आउटपुट असेल तर दुसऱ्या कानात त्याचीच उलटी प्रत येते. ऐकायला पोकळ, विचित्र वाटतं. हेडफोनचं चित्र काढलेलं भोकच शोधा. गिटार अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटमध्ये तर हेडफोन कधीच लावू नका, तिथला करंट हेडफोनची कॉइल जाळू शकतो.

पाव इंचाची नातेवाईक मंडळी अजूनही बरीच आहेत. मोठ्या स्टुडिओच्या पॅचबेमध्ये ४.४ मिलिमीटरची ‘बॅन्टम’ पिन असते. महागड्या हेडफोनसाठी २०१६ मध्ये जपानमध्ये पाच भागांची ४.४ चीच दुसरी पिन ठरवली गेली, पण ती बॅन्टमच्या जागी चालत नाही. छोट्या विमानांत पायलटच्या हेडसेटला दोन पिना असतात. ऐकायची असते तीच जुनी पाव इंचाची. माइकची मात्र किंचित बारीक, ५.२३ मिलिमीटरची, म्हणजे घाईत कुणी एकीच्या जागी दुसरी खुपसू नये.