विश्लेषण : टाचांच्या भेगांना चालते, मग चिखल्यांना का नको? पेट्रोलियम जेली कधी लावावी, कधी टाळावी?

विदर्भातील सर्वांत कमी तापमानाची नोंद हिवाळ्यात अनेकदा गोंदियात होते. पारा १० अंशांखाली गेला की ओठ फुटतात, हात खरखरीत होतात आणि टाचांना भेगा पडतात. अशा वेळी बहुतेक घरांत पेट्रोलियम जेलीची डबी निघते. मात्र हीच डबी भाजल्यावर, गजकर्णावर आणि धानाच्या बांधीत काम करून झालेल्या चिखल्यांवरही वापरली जाते. जेली स्वस्त आहे आणि योग्य वापरली तर सुरक्षितही आहे. पण ती चुकीच्या ठिकाणी लावली तर दुखणे वाढते. हा फरक समजून घ्यायचा तर ती काम कसे करते, ते पाहावे लागेल.

पेट्रोलियम जेली म्हणजे काय?

खनिज तेल शुद्ध करताना मागे राहणाऱ्या मेणचट पदार्थापासून ती बनते. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथील तेलविहिरींवर गेला होता. पंपाच्या दांड्यांवर साचणारा चिकट थर कामगार जखमांवर लावतात, हे त्याला दिसले. त्याने तो पदार्थ शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतले. ‘व्हॅसलीन’ हे त्याने दिलेले नाव. आज आपण कोणत्याही कंपनीच्या जेलीला सर्रास तेच म्हणतो.

त्वचेवर ती नेमके काय करते?

जेली त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून पाण्याची सतत वाफ होत असते. थंड, कोरड्या हवेत हे प्रमाण वाढते आणि त्वचा तडकते. जेलीचा थर ही वाफ अडवतो, त्यामुळे खालची त्वचा स्वतःहून भरून येते. खोबरेल तेल किंवा मोहाच्या बियांचे तेलही त्वचा मऊ ठेवते, पण पाणी रोखण्यात जेली बहुतेक तेलांपेक्षा सरस ठरते.

म्हणूनच कोरड्याठाक टाचेवर जेली चोपडून फारसा उपयोग होत नाही. आधी त्वचेत पाणी हवे.

भेगांसाठी योग्य पद्धत कोणती?

- रात्री पाय १५ ते २० मिनिटे साध्या किंवा कोमट पाण्यात बुडवून ठेवावेत. कडकडीत गरम पाणी त्वचा आणखी कोरडी करते.
- जाड झालेली कातडी हलक्या हाताने घासावी. ब्लेडने कापू नये.
- पाणी टिपून घ्यावे, पण पाय ओलसर असतानाच जेलीचा पातळ थर लावावा.
- सुती मोजे घालून झोपावे. मोज्यांशिवाय फरशीवर चालल्यास घसरण्याची भीती असते.

ओठ आणि हातांनाही हेच तत्त्व लागू होते : धुतल्यावर लगेच लावावे.

चिखल्यांवर का लावू नये?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात रोवणीला आणि सिंचनाची सोय असलेल्या भागांत उन्हाळी धानासाठी ऐन थंडीतही तासन् तास चिखलात उभे राहावे लागते. सतत भिजल्याने बोटांच्या बेचक्यातील कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते. याच चिखल्या. तिथे अनेकदा बुरशीचा संसर्गही असतो.

भेगांमध्ये अडचण पाणी कमी असण्याची असते. चिखल्यांमध्ये ते जास्त झालेले असते. तिथे जेली लावली तर ओल आत कोंडते आणि बुरशीला पोषक वातावरण मिळते. त्यामुळे घरी येताच पाय स्वच्छ धुवावेत, बेचके कोरड्या कापडाने पुसावेत आणि हवा लागू द्यावी. खाज कायम राहिल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने बुरशीनाशक मलम घ्यावे. गजकर्ण आणि जांघेतील खाज यांनाही हाच नियम.

बधिर पायांसाठी ही काळजी का महत्त्वाची?

पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात. या आजारात मज्जातंतूंना इजा झाली की पायाची संवेदना जाते, घाम येणे थांबते आणि त्वचा कोरडी पडते. भेग पडली तरी दुखत नाही, म्हणून माणूस चालत राहतो. भेग खोल जाते, त्यात जंतू शिरतात आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. मधुमेहातही पाय बधिर झाल्यास हाच धोका असतो.

कुष्ठरोगाच्या अशा रुग्णांना रोज पाय पाहणे, पाण्यात भिजवणे आणि ओलसर असतानाच तेल किंवा जेली लावणे शिकवले जाते. पाणी किती गरम आहे, हे घरातील दुसऱ्या व्यक्तीने हात घालून तपासावे. आधीच जखम असेल तर पाय भिजवण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. जेलीने कुष्ठरोग बरा होत नाही. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तो झाकू नये. तपासणी आणि बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहेत.

जखमेवर आणि भाजल्यावर चालते का?

स्वच्छ धुतलेल्या किरकोळ खरचटण्यावर चालते. १९९६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ९२२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. छोट्या शस्त्रक्रियेनंतर काहींना पांढरी पेट्रोलियम जेली, तर काहींना बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक मलम दिले होते. संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

ताज्या भाजण्यावर मात्र जेली, तूप किंवा तेल लावू नये. त्याने उष्णता आत अडकते. भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. खोल, पू झालेल्या किंवा प्राण्याच्या चाव्याच्या जखमेवरही जेली नको.

कर्करोगाची भीती कितपत खरी?

भीतीचे मूळ शुद्धीकरणात आहे. अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलात कर्करोगकारक संयुगे राहू शकतात. औषधी दर्जाच्या जेलीतून ती काढून टाकलेली असतात. म्हणून वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. ‘आयपी’ म्हणजे भारतीय औषधकोशाच्या निकषांनुसार. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टोकांना लावायची किंवा सुटी विकली जाणारी औद्योगिक जेली अंगाला लावू नये.

आणखी काय जपावे?

- आग : जेली मुरलेले कपडे आणि अंथरूण लवकर पेट घेतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये अशा मलमांबाबत इशारा दिला होता. जेली लावून शेकोटी किंवा चुलीला चिकटून बसू नये, बिडी ओढू नये.
- नाक : नाकात खोलवर रोज जेली लावण्याची सवय नको. तिचे कण फुप्फुसात जाऊन क्वचित न्यूमोनियासारखा आजार होतो.
- चेहरा : तेलकट, मुरुमांच्या त्वचेवर टाळलेली बरी.
- बाळ : लंगोटाच्या पुरळावर पातळ थर चालतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.
- निरोध : जेलीमुळे निरोधचे रबर कमकुवत होऊन तो फाटू शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, पाय सुजला किंवा बधिर झाला असेल, मधुमेह असेल किंवा दोन आठवड्यांत फरक पडला नसेल तर डबी बाजूला ठेवून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिथून गरजेनुसार गोंदियातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले जाते.

एरवी डबी उघडण्यापूर्वी एवढेच पाहावे : त्वचा कोरडी पडून तडकली आहे, की भिजून सडली आहे? तडकलेल्या त्वचेला जेली लावावी, भिजलेलीला आधी कोरडे करावे.