दी-ह्वांगचे मूळ

चीन देशात ह्वांग हो नावाची मोठी नदी आहे. ह्वांग म्हणजे पिवळा. नदी गाळ वाहून आणते, पाणी पिवळे दिसते, म्हणून हे नाव. या नदीच्या उत्तरेला, हेनान प्रांतात, जियाओझुओ नावाचा मुलूख आहे. तिथल्या गाळाच्या जमिनीत शेतकरी एक औषधी मूळ पिकवतात. त्याचे नाव दी-ह्वांग. म्हणजे जमिनीतले पिवळे.

झाड कसले, वीतभर रोपच ते! पाने लवदार, जमिनीलगत पसरलेली. आपण हळदीचे बेणे लावतो ना, तसे ते लोक एप्रिलच्या सुमारास मुळाचे तुकडे लावतात. थंडीच्या तोंडाला मुळे खणून काढतात.

हे मूळ कशाला लागते? चिनी वैद्य म्हणतात, अंगात यांग आहे आणि यिन आहे. यांग म्हणजे ऊब. यिन म्हणजे थंडावा, ओलावा. दिव्यातले तेल सरले की वातच जळू लागते. तसे यिन आटले की अंगाची आग होते, घसा सुकतो, झोप लागत नाही. दी-ह्वांग म्हणजे दिव्यात तेल घालणारे औषध.

गंमत अशी, की मूळ एक पण औषधे दोन. मंद भट्टीत सुकवले तर ते थंड. ते तापात, तोंडाला कोरड पडली असता देतात. तेच मूळ धान्याच्या दारूत भिजवून वाफवले, की काळेभोर, चिकट आणि गोड होते. जुनी रीत तर नऊ वेळा वाफवायची अन् नऊ वेळा वाळवायची. हे जरा उष्ण. ते अशक्त माणसाला देतात. पण पचायला जड बरं का! म्हणून सोबत वेलदोड्याच्या जातीचे बी घालतात. पोट बिघडलेल्याला शहाणा वैद्य हे देत नाही.

शेतकऱ्याची अडचण निराळीच आहे. एकदा हे पीक घेतले, की त्याच शेतात आठ-दहा वर्षे ते पुन्हा येत नाही. लावले तर मुळे पोसत नाहीत, कुजतात. खत घालूनही उपयोग होत नाही. मुळांतून पाझरलेली द्रव्ये मातीत साठतात, कुजवणारी बुरशी बळावते. ज्याचे रान लहान, त्याची पंचाईत. तो आपल्या रानात गहू-मका घेतो, आणि दी-ह्वांगसाठी दुसऱ्याची जमीन खंडाने शोधत फिरतो.