सेल्फ मारला, तरी एटीव्ही गप्प?

कर्जतजवळच्या भिसेगावच्या परिसरात पावसाळ्यात एटीव्ही फिरवायची म्हणजे चिखल आलाच. पाणी कपलरमध्ये शिरते, पिनांवर हिरवट गंज चढतो आणि करंट अडतो. गॅरेज गाठण्याआधी या क्रमाने पाहा :

● किल स्विच : तो ‘रन’वर, गाडी न्यूट्रलमध्ये हवी. बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही.

● बॅटरी : गाडी बंद ठेवून मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास ठीक. 12च्या खाली असेल, तर आधी चार्ज करा.

● टर्मिनल, अर्थिंग : नुसते ‘कट-कट’ वाजले, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. पांढरी पूड घासून काढा, अर्थची वायर चॅसीला घट्ट आवळा.

● फ्यूज : जळाला, तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार गुंडाळू नका. वायरिंग पेटू शकते.

● चार्जिंग : इंजिन चालू असताना थोडी रेस दिल्यावर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. नाही दिसले, तर रेग्युलेटर आणि स्टेटर तपासून घ्या.

धुताना पाण्याचा जोरदार फवारा कपलरवर मारू नका. निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.